मुंबईची ३९ मिनिटं

१ जानेवारी १९०६ला हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, नवी वेळ साडेपाच तास पुढे. घड्याळाचे काटे ३९ मिनिटं पुढे सरकले. गिरणी कामगारांत असंतोष उसळला, महापालिकेने जुनी वेळ सोडायला नकार दिला आणि ‘बॉम्बे टाइम’ शहरात पुढे कित्येक दशकं रेंगाळला. हा विरोध म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनवरचा राग, असं सांगितलं जातं. तो राग होताच. पण भोंगा त्याच आकड्यावर वाजणार म्हणजे झोप ३९ मिनिटं आधी तुटणार, हा हिशेबही कामगाराला कळत होता.

कामगारांची ही तक्रार इतिहासात नोंदली गेली, शाळकरी मुलांची कुणी नोंदलीच नाही. आजही जानेवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातला भरणाऱ्या शाळेत प्रार्थना अंधुक उजेडातच होते. सूर्याच्या हिशेबाने तेव्हा जेमतेम सहा वीस झालेले असतात. शिवाय संध्याकाळही लांबते. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या आकडेवारीवरून दाखवलं, की सूर्यास्त तासाभराने उशिरा असेल तिथे मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात आणि त्यांचं शिक्षणही कमी होतं. झोपण्याची वेळ सूर्यास्तामागे जाते, शाळेची घंटा मात्र जागची हलत नाही. गरीब घरांत हा परिणाम अधिक ठळक दिसतो.

शाळा उशिरा भरवावी म्हटलं, की ठरलेला आक्षेप म्हणजे आपले पूर्वज पहाटेच उठत. उठत खरे, पण तेल महाग म्हणून दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात निजतही. त्या शिस्तीतली पहाट तेवढी आपण ठेवली आणि लवकर निजणं सोडून दिलं. शिवाय सकाळचं सत्र ही काही परंपरा नव्हे. एका इमारतीत दोन शाळा बसवण्याची ती सोय आहे. बस, वाहतूक, नोकरदार पालक या अडचणी मात्र खऱ्या आहेत. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तेव्हा त्या सगळ्या वर आल्या. त्या सोडवायला पैसे लागतील, हे कबूल करूनच बोललं पाहिजे.

पण त्या आदेशाची मोठी उणीव वेगळीच आहे. धाकट्यांना त्याने दिलासा दिला हे चांगलंच. मात्र लहान मूल मुळात लवकर निजतं आणि लवकर उठतं. शरीराचं घड्याळ मागे पडतं ते वयात येताना. झोपेच्या अभ्यासक मेरी कार्सकाडन यांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की किशोरवयात झोप उशिरा येते ती निव्वळ हट्टामुळे वा मोबाइलमुळे नव्हे. मोबाइल तेव्हा मुलांच्या हाती नव्हतेच. अपुऱ्या झोपेने आधी लक्ष ढळतं, मग स्मरण आणि मनःस्थिती. कॅलिफोर्नियात २०२२पासून बहुतेक सरकारी हायस्कूल साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत, त्यामागे हेच संशोधन आहे. आपला आदेश चौथीवर थांबतो, आणि आठवी-दहावीच्या मुलांची सातची शाळा सातलाच राहते.