बक्षीस आणि भाकरी

धर्मशिक्षणाच्या वर्गाला नियमित येणाऱ्या मुलाला वर्षअखेर संताचे चित्र, जपमाळ किंवा एखादे पुस्तक द्यावयाचे, ही आपल्या धर्मग्रामांतील जुनी रीत. आम्हीही अशी चित्रे प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवली आहेत. परंतु बक्षीस नेमके कशाचे मिळते, हा प्रश्न सातारा-सांगली भागाचा शैक्षणिक इतिहास वाचताना आमच्यापुढे नव्याने उभा राहिला.

बक्षिसाची प्रथा पाश्चात्त्यांनी आणली असे समजण्याचे कारण नाही. बेल्लारीचा कलेक्टर कॅम्पबेल याने १८२३ साली तेथील देशी शाळांविषयी अहवाल लिहिला. शाळेत सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर मानाचे चिन्ह म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे प्रत्येकाला एकेक वाढती. युरोपात येशूसंघीयांच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेत तर बक्षिसांसाठी स्वतंत्र नियमच आहेत. हेतू चांगलाच होता. पण बेल्लारीच्या त्या रांगेत शेवटी कोण उभा राहत असेल? आळशी मुलगा असेल, हे खरे. त्याच्याबरोबर गुरांचे शेणपाणी उरकून येणारा आणि दूरच्या वस्तीवरून अनवाणी चालत येणाराही असेल. छडीला त्या दोघांतील भेद कळत नाही. बक्षिसालाही कळत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हा भेद कळला होता, असे आम्हांस वाटते. किर्लोस्करवाडीचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये त्याचा दक्षिण सातारा झाला व १९६० मध्ये सांगली. वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीला बसत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

येथे पहिल्या येणाऱ्याचा मान नव्हता. दूरच्याला आधी जवळ आणून घेतले होते. मुलांनी राबावयाचे आणि शिकावयाचे, हा रिवाज होता. कोवळ्या वयात श्रमाचा भार किती असावा, हा प्रश्न उरतोच, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. पण त्या श्रमाची भाकरी हे बक्षीस नव्हते. बक्षीस एकाला मिळते तेव्हा बाकीचे पाहत राहतात. पंगतीत पाहत राहणारा कोणी नसतो.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा प्रभू येशूचा दाखला तासगावच्या द्राक्षबागांत राबणाऱ्याला बहुधा आपल्याहून चटकन समजेल. दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही धनी पूर्ण रोज देतो, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. आपल्यापैकी किती पालक त्या कुरकुरणाऱ्यांत बसतील! संत योहान बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या प्रतिबंधक शिक्षणपद्धतीविषयी लिहिले, तेव्हा चांगल्या कामाची स्तुती हेच मुलाचे पारितोषिक आणि हलगर्जीबद्दलचा ठपका हीच शिक्षा, असे सुचविले. त्याला पैसा लागत नाही. मुलाजवळ थांबावे मात्र लागते.

वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. पुढे दहा वर्षांनी, १९४० मध्ये, साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडले. तेथेही मुले राबून शिकली, आणि फी कोणालाच नव्हती.