'लोक' म्हणजे कोण? यलोस्टोनच्या वाटेवरची तीन कुटुंबे

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या एका कौटुंबिक सहलीपासून करू.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो. लेक, जावई, नऊ वर्षांची नात आणि आम्ही, असे पाच जण भाड्याची गाडी घेऊन सॉल्ट लेक सिटीहून यलोस्टोनला निघालो. पश्चिमेच्या फाटकातून आत शिरलो. ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध उष्ण कारंज्याकडे जाताना वाटेत एका ओढ्यापाशी थांबलो. दशम्या सोडल्या. ओढ्याचं नाव नेझ पर्स क्रीक. नात तिथला माहितीफलक वाचत होती. परत आली आणि म्हणाली, "आजोबा, इथे दोन फॅमिली भेटल्या होत्या. एक ट्रिपला आली होती. दुसरीपण ट्रिपलाच आली होती का?"

आम्ही निरुत्तर झालो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण या प्रश्नाला उत्तर द्यायला इतिहासच उघडावा लागला.

१ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी एका कायद्यावर सही केली आणि यलोस्टोनचा सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख राखून ठेवला गेला. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून ते ओळखलं जातं. कशासाठी राखून ठेवलं? तर लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी, असं कायदा सांगतो. उत्तरेकडच्या दगडी कमानीवर ते शब्द कोरलेले आहेत. विचार मोठाच होता. एवढं सौंदर्य कुणा एका सावकाराच्या किंवा कंपनीच्या घशात जाऊ द्यायचं नाही! मात्र त्यातल्या 'लोक' या शब्दापाशी आपण जरा थांबू या.

ऑगस्ट १८७७. माँटानातल्या रॅडर्सबर्ग गावाहून नऊ जणांचा जथा घोडागाडी घेऊन हे नवं उद्यान बघायला आला. त्यात जॉर्ज आणि एमा कॉवन हे जोडपं होतं, एमाचा भाऊ होता, तेरा वर्षांची धाकटी बहीण आयडा होती. कारंजी बघून झाली, परतीची तयारी झाली. २४ ऑगस्ट हा जॉर्ज-एमाच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस. त्याच सकाळी नेझ पर्स योद्ध्यांनी त्यांना गाठलं.

हे दुसरं कुटुंब. कुटुंब कसलं, सुमारे आठशे माणसं: म्हातारे, बायका, तान्ही मुलं, आणि दोन हजारांच्या आसपास घोडे. ते स्वतःला निमीपू म्हणवतात. १८५५च्या तहाने त्यांचा बराचसा मुलूख त्यांच्याकडे राहिला होता. पुढे तिथे सोनं सापडलं आणि १८६३च्या नव्या तहाने त्यातला जेमतेम दहावा हिस्सा उरला. जोसेफसारख्या ज्या पुढाऱ्यांनी त्यावर सही केली नव्हती, त्यांनाही १८७७ साली घरदार सोडण्याचा हुकूम झाला, मुदत तीस दिवस. ठिणगी पडली, लढाई झाली आणि ही मंडळी पूर्वेकडे निघाली. ९ ऑगस्टला बिग होलपाशी त्यांच्या झोपलेल्या तळावर पहाटे सैन्याने हल्ला केला. मेलेल्यांत बायका-मुलंही पुष्कळ होती. त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने ते यलोस्टोनमध्ये पोहोचले.

कॉवन मंडळींना त्या ओढ्याच्या काठाने वर नेलं गेलं. जॉर्जच्या मांडीत आणि डोक्यात गोळी लागली. मेला असं समजून तो मागे टाकला गेला. तो सरपटत सरपटत वाचला. एमा, भाऊ आणि आयडा यांना मात्र घोडे देऊन सोडून दिलं गेलं. दुसऱ्या एका जथ्यातले दोन पर्यटक मारले गेले, हेही लपवायचं कारण नाही. पण पुढे एमाने लिहिलं, त्याचा आशय असा: या लोकांवर काय गुदरलं होतं हे समजल्यावर, आपल्यापैकी एकही जण जिवंत कसा राहिला याचंच आश्चर्य वाटतं.

५ ऑक्टोबरला कॅनडाची हद्द सुमारे ६५ किलोमीटरवर असताना त्यांनी शस्त्रं ठेवली. परत घराकडे पाठवण्याचं आश्वासन होतं. रवानगी झाली कॅन्सास आणि मग ओक्लाहोमाकडे. १८८५मध्ये वाचलेले वायव्येकडे परतले, पण जोसेफला वलोवा खोऱ्यात पुन्हा राहता आलं नाही.

आणि उद्यानाचं काय झालं? पर्यटक घाबरू नयेत म्हणून अधीक्षक नॉरिस यांनी एक समजूत पसरवली, की मूळ रहिवासी इथल्या कारंज्यांना भितात, इकडे फिरकत नाहीत. वास्तविक माणूस तिथे अकरा हजार वर्षं वावरत आलाय. तिथल्या काळ्या ज्वालाकाचेची पाती थेट ओहायोच्या प्राचीन टेकाडांत सापडली आहेत. डोंगरी मेंढ्यांची शिकार करणारे टुकुडिका तर तिथेच राहत; त्यांनाही हलवलं गेलं. म्हणजे क्रम बघा: आधी माणसं बाहेर काढली, मग ती जागा 'निर्मनुष्य' होती असं सांगितलं. १ ऑगस्ट १९१५ पासून तिथे मोटारी येऊ लागल्या आणि आमच्यासारख्या कुटुंबांची रीघ लागली.

अमेरिकेला नावं ठेवून मोकळं होणं सोपं आहे. ताडोबाला आम्ही मुलांना घेऊन दोनदा गेलो आहोत. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. ताडोबा हे नाव गोंडांच्या तारू या देवाचं. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. अलीकडच्या काळात आतली काही गावं बाहेर वसवली गेली. वाघाला जागा हवी, हे आम्हाला मान्य आहे. पण दोन्ही खेपांना आम्ही फक्त वाघ दिसला का एवढंच विचारलं. तारूचे लोक कुठे आहेत, हा प्रश्न सुचला नाही.

उद्यानं नकोत, असं आमचं म्हणणं नाही. कायद्यात 'लोक' असं लिहिलं जातं, तेव्हा त्यातून कोण वगळलं गेलंय, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, इतकंच. नातीला त्या दिवशी आम्ही सांगितलं, "नाही बाळा, त्यांची ट्रिप नव्हती. ते घर सोडून निघाले होते." त्यावर तिने विचारलं, "मग ते घरी पोचले का?"

वेळ झाली. आता तुमचे प्रश्न घेऊ.