अजितपाल सिंग : सेंटर हाफच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक विचार

भारतीय हॉकीचा इतिहास बहुधा गोलांच्या आकड्यांतून सांगितला जातो. त्यामुळे आघाडीच्या खेळाडूंना त्यात मानाचे पान मिळते, तर मधल्या फळीतील खेळाडू संघाच्या नामावलीपुरतेच उरतात. अजितपाल सिंग यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय ठरते.

त्यांचा जन्म १९४७ साली जालंधरनजीकच्या संसारपूर येथे झाला. उधम सिंग यांच्यासह अनेक ऑलिंपिक खेळाडू देणारे हे गाव होय. तत्कालीन रचनेत पाच आघाडीवीर, तीन हाफ व दोन बॅक असत. सेंटर हाफ हा तिचा कणा मानला जाई. प्रतिस्पर्ध्यांचे आक्रमण मोडून काढणे व चेंडू आपल्या आघाडीकडे सोपविणे ही दोन्ही कामे त्याचीच. धावफलकावर मात्र यांपैकी कशाचीच नोंद होत नसे.

१९६८ (मेक्सिको) व १९७२ (म्युनिक) या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या संघांत अजितपाल होते. १९७१ मध्ये बार्सिलोना येथील पहिल्या विश्वचषकात त्यांच्या नेतृत्वाखाली भारत तिसरा आला. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे पुन्हा तेच कर्णधार होते. उपांत्य सामन्यात यजमान मलेशियाविरुद्ध भारत पिछाडीवर असताना अस्लम शेर खान यांनी बरोबरी साधली व जादा वेळेत भारताने ३-२ असा विजय मिळविला. १५ मार्च रोजी अंतिम सामन्यात पाकिस्तानने प्रथम गोल केला. सुरजित सिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली आणि अशोक कुमार यांच्या गोलाने भारत २-१ असा विजयी झाला. हा गोल वैध होता की नाही, यावर पुढे बरीच चर्चा झाली. अशोक कुमार हे ध्यानचंद यांचे पुत्र असल्याने त्या गोलाची आठवण अधिकच दृढ झाली, हे स्वाभाविकच! परंतु त्या सामन्यात मधली फळी कशी खेळली, याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. अजितपाल यांच्या नेतृत्वाखालील विश्वविजेता संघ ऑस्ट्रेलियाकडून ६-१ असा पराभूत झाला व अखेर सातव्या क्रमांकावर राहिला. या अपयशाचे खापर सर्वस्वी मैदानावर फोडण्याची प्रथा पडली आहे. ती प्रस्तुत लेखकास अपुरी वाटते. गवताळ मैदानांवरच घडलेल्या पाकिस्तानच्या संघाने त्याच स्पर्धेत कांस्यपदक मिळविले होते. मैदानाचा परिणाम नाकारता येत नाही. तथापि संघाची पूर्वतयारी, रचना व निवड यांची चिकित्सा त्या एका कारणाआड राहून गेली.

१९९२ मध्ये अजितपाल यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. १९७५ नंतर भारताला पुरुषांचा विश्वचषक पुन्हा जिंकता आलेला नाही. सेंटर हाफच्या कामगिरीचे मूल्यमापन करावयाचे तर सहखेळाडूंच्या आठवणी, वृत्तपत्रांतील सामन्यांची वर्णने व उपलब्ध चित्रफिती यांचाच आधार घ्यावा लागेल. त्या काळातील खेळाडू आता वृद्ध झाले असल्याने, यांपैकी पहिल्या साधनाचे संकलन सर्वांत आधी हाती घ्यावयास हवे.