दोन सूर्योदयांचा प्रवास

दोन स्थळांमधील अंतर मोजून एकदां कागदावर मांडलें, कीं तें बदलत नाहीं. परंतु तें ओलांडावयास लागणारा काळ मात्र वारा, इंधन आणि राजकीय परिस्थिति यांच्याबरोबर सारखा बदलत असतो. या विधानाची प्रचीति आणून देणारा एक प्रसंग दुसऱ्या महायुद्धांत हिंदी महासागरावर घडला.

फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर जपानच्या हातीं पडलें आणि ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांना जोडणारा हवाईमार्ग मध्येंच तुटला. तो सांधण्यासाठीं १९४३ च्या मध्यास 'क्वांटास' या ऑस्ट्रेलियन कंपनीनें पर्थ येथील स्वान नदी आणि सिंहलद्वीपाच्या दक्षिणेकडील कोग्गला सरोवर यांमध्यें थेट उड्डाणें सुरू केलीं. पुढें हा मार्ग कराचीपर्यंत वाढविण्यांत आला.

विमानें पाण्यावर उतरणारीं, 'कॅटालिना' जातीचीं. अंतर सुमारें ६,५०० किलोमीटर आणि वेग ताशीं दोनशें किलोमीटरांच्या आसपास. त्यामुळें वारा अनुकूल असेल त्याप्रमाणें २७ पासून ३२ तासांपर्यंत हीं विमानें अखंड आकाशांत असत. प्रवाशांस वाटेंत दोन सूर्योदय दिसत. त्यावरूनच या मार्गाला 'दुहेरी सूर्योदय' हें नांव पडलें.

इंधनाचा भार इतका असे, कीं तीन प्रवासी आणि सुमारें ६९ किलो टपाल यांहून अधिक कांहींहि नेतां येत नसे. आरंभीच्या तासांत दोहोंपैकीं एक इंजिन बंद पडतें, तर उरलेल्या इंजिनाला तो भार पेलला नसता. शत्रूला सुगावा लागूं नये म्हणून बिनतारी संदेशयंत्र मुकें ठेवावें लागे आणि दिशा ताऱ्यांवरून ठरवावी लागे. त्या पांच विमानांचीं नांवेंहि ताऱ्यांचींच होतीं. आपण ज्यांस श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा म्हणतों, तेच हे तारे. जुलै १९४५ पर्यंत त्यांनीं २७१ वेळां महासागर ओलांडला आणि एकहि विमान गमावलें नाहीं. युद्ध संपल्यावर मात्र हीं विमानें समुद्रांतच बुडविण्यांत आलीं.

हिशेब केला तर ताशीं जेमतेम सव्वादोन किलो टपाल पुढें सरकत होतें. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हा व्यवहार तोट्याचाच होय. परंतु त्या पिशव्यांत आघाडीवरील सैनिकांचीं पत्रें होतीं. घरीं वाट पाहणाऱ्या मातेला तीं कोणत्या भावानें पडलीं, हें कोणी विचारावें?

मार्च २०१८ मध्यें पर्थहून लंडनपर्यंत वाटेंत न थांबतां जाणारी विमानसेवा सुरू झाली. सुमारें १४,५०० किलोमीटर अंतर आणि सुमारें सतरा तास! म्हणजे दुपटीहून अधिक वाट जवळजवळ निम्म्या वेळांत. आजचा प्रवासी वेळापत्रकांतील तो आंकडा वाचतो आणि निश्चिंतपणें झोपीं जातो. त्याच्या या निश्चिंतपणाच्या मुळाशीं, अंधाऱ्या सागरावर जागून तारे मोजणाऱ्या त्या वैमानिकांचाहि वांटा आहे.