रेघ कुणाच्या हातात? : अजिंठा, संविधान आणि आपण



१४ एप्रिल जवळ आली की माजरीपासून चंद्रपूरपर्यंत चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. बाबासाहेबांचा तोच फोटो, इंटरनेटवरून उतरवलेला. खाली कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो रांगेने. पण आपल्या पोरांनी हाताने काढलेली एक रेघ त्यावर शोधून सापडत नाही. चित्र म्हणजे सजावट, असे आपण धरून चाललो आहोत. आपला इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

अजिंठ्याच्या भिंतींवर काय आहे? जातककथा आहेत, म्हणजे धम्माचा मजकूर चित्रांतून सांगितलेला आहे. अक्षर न येणाऱ्या माणसापर्यंत बुद्धाचा विचार नेणारी ती चित्रमालिकाच होती. त्या कलाकारांची कामाची रीत बघा. खडकावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, मग गेरूने बाह्यरेषा, नंतर रंग आणि शेवटी पुन्हा रेषा. रेघ पक्की नसती तर पद्मपाणीच्या चेहऱ्यावरची करुणा आली असती का?

१८१९ मध्ये इंग्रजांच्या नजरेला ही लेणी पडली. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले. तिथले जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात या चित्रांच्या नकला करत होते. पुढे १९०९ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस हे तरुण चित्रकार तिथे आले. भिंतीसमोर बसून त्यांनीही नकलाच केल्या. साधारण चाळीस वर्षांनी भारतीय संविधानाची हस्तलिखित प्रत चित्रांनी सजवण्याचे काम याच नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांकडे आले. आधी वर्षानुवर्षे रेखाटन, मग पुस्तकातले चित्र, असा हा क्रम आहे.

आता त्या प्रतीची पाने उलटा. संविधानाच्या २२ भागांच्या सुरुवातीला चित्रे आहेत. पाचव्या भागावर बुद्धाच्या जीवनातला प्रसंग आहे, सातव्यावर धम्मप्रसार करणारा सम्राट अशोक आहे. याचा आनंद आहेच. पण वेदकालीन आश्रम आहे, रामायण आहे, महाभारत आहे, विक्रमादित्याचा दरबार आहे. कबीर कुठे आहेत? जोतिराव फुले कुठे आहेत? चवदार तळ्याचा सत्याग्रह कुठे आहे? दांडीयात्रा मात्र आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, पण चित्रांची निवड दुसऱ्यांच्या हाती होती. ज्याच्या हातात रेघ असते, तो कुणाला दाखवायचे आणि कुणाला वगळायचे हे ठरवतो.

दुसरे उदाहरण. १९४९ मध्ये शंकर यांनी एक व्यंगचित्र काढले. संविधानरूपी गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे. ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात छापले गेले. २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला आणि ते काढले गेले. आपण निषेध केला, तो योग्यच होता. पण उत्तरादाखल आपण किती चित्रे काढली? उन्नमती श्याम सुंदर यांनी २०१९ मध्ये बाबासाहेबांवरची शंभरावर जुनी व्यंगचित्रे गोळा करून त्यांची चिरफाड करणारे पुस्तक काढले. ते स्वतः व्यंगचित्रकार आहेत, म्हणून रेघेतली जात त्यांना दिसली.

उत्तर कसे द्यायचे हे 'भीमायन' या २०११ च्या चित्रपुस्तकाने दाखवले. त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची आहेत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला गोंड समाज परका नाही. त्यांनी परदेशी कॉमिक्सच्या चौकटी वापरल्या नाहीत. मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार दिला आणि जातीय विषाने भरलेल्या शब्दांना विंचवाची नांगी. भिंतीवर, अंगणात दिग्ना काढत तयार झालेला तो हात होता.

"चित्रकला ही जन्मजात देणगी असते, आपल्याला कुठे जमणार?" असे पालक म्हणतात. मित्रांनो, कौशल्य जन्माने मिळते हा तर वर्णव्यवस्थेचाच युक्तिवाद आहे! हात सरावाने तयार होतो. 'शिका' या शब्दातून बाबासाहेबांनी चित्रकला वगळलेली नाही.

मार्गही दूर नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा शाळेतूनच देता येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे विषय म्हणजे पुस्तकचित्राचा पायाच. वस्तुचित्राने नजर मोजायला शिकते. स्मरणचित्राने समोर नसलेला मोर्चा कागदावर उभा करता येतो. अक्षरलेखनाने पोस्टर वाचले जाते. आपल्या मुलांच्या शाळेत कलाशिक्षक आहे का, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. नसेल तर मागणी लावून धरा.

आणि दर रविवारी बुद्धविहारात दोन तास द्या. एक वही, एक पेन्सिल पुरे. आधी घरातला तांब्या काढा, मग कोळसा खाणीतून परतणारा बाप, मग भाजी विकणारी आई. माजरीहून भद्रावती जवळच आहे. तिथल्या विजासन लेण्यात डोंगर खोदून केलेल्या बोळांच्या टोकाला बुद्धमूर्ती बसल्या आहेत. झिजल्या आहेत, पण आहेत. मोबाईलने सेल्फी काढून परतू नका. समोर बसा आणि त्या मूर्तीची बाह्यरेषा दहा वेळा काढा.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाचे चित्र आपल्या जिल्ह्यातल्या पोरीने काढायचे, की पुन्हा कुणा दुसऱ्याने काढेपर्यंत वाट पाहायची? पेन्सिल पाच रुपयांना मिळते.

जयभीम! नमो बुद्धाय!