सुभिक्षा : स्वस्त दुकानांची साखळी, चेन्नई ते दिल्ली

सवलतीच्या दरात किराणा माल व औषधे विकणाऱ्या ‘सुभिक्षा’ या साखळीचे पहिले दुकान १९९७ मध्ये चेन्नईच्या तिरुवान्मियूर भागात सुरू झाले. आयआयटी मद्रास आणि अहमदाबादच्या आयआयएममधून शिक्षण घेतलेले आर. सुब्रमणियन हे तिचे संस्थापक होत. दुर्भिक्ष हा शब्द मराठी वाचकांना परिचित आहे; सुभिक्ष हा त्याचा विरुद्धार्थी शब्द, अर्थात अन्नधान्याची सुबत्ता.

झगमगाट टाळणे हे या दुकानांचे वैशिष्ट्य होते. मोठ्या रस्त्यावरील महागड्या जागेऐवजी वस्तीतील गल्लीत लहान गाळा भाड्याने घेतला जात असे. वातानुकूलन नाही, सजावट नाही. औषधे छापील किमतीपेक्षा दहा टक्के कमी दराने मिळत. पुरवठादारांना पैसे लवकर चुकते करावयाचे, त्या बदल्यात अधिक सूट मिळवावयाची आणि तिचा लाभ ग्राहकाला द्यावयाचा, असे हे गणित होते. ते हातात रोकड खेळती असेपर्यंतच चालणारे होते, ही बाब पुढे निर्णायक ठरली.

सन २००० मध्ये आयसीआयसीआय व्हेंचरने कंपनीत गुंतवणूक केली. तरीही २००६ पर्यंत सुभिक्षाचा व्यवहार प्रामुख्याने तामिळनाडूपुरताच राहिला आणि तेथील मध्यमवर्गीय कुटुंबांत या दुकानांना चांगला प्रतिसाद होता. त्यानंतर मात्र कंपनीने दिल्ली, मुंबई, हैदराबाद, बंगळूर, गुजरात अशी झपाट्याने मजल मारली. भ्रमणध्वनी संचांची विक्रीही सुरू करण्यात आली. सुमारे दीडशे दुकानांची ही साखळी २००८ च्या उत्तरार्धात सोळाशेच्या घरात पोहोचली. त्याच वर्षी अझीम प्रेमजी यांच्या गुंतवणूक संस्थेने दहा टक्के हिस्सा सुमारे २३० कोटी रुपयांना घेतला होता.

एवढ्या विस्तारासाठी भागभांडवल अपुरे होते; भिस्त प्रामुख्याने कर्जावर होती. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात नवा पैसा मिळणे दुरापास्त झाले. पुरवठादारांची देणी थकली, तसा माल येणे थांबले. माल नाही म्हणून विक्री नाही आणि विक्री नाही म्हणून भाडे व वेतन नाही. २००९ च्या प्रारंभी देशभरातील दुकाने बंद पडली. सुरक्षारक्षकांचेही पैसे थकल्याने ते निघून गेले आणि काही ठिकाणी दुकाने लुटली गेली. हजारो कर्मचाऱ्यांचा रोजगार गेला.

याच सुमारास वाढणाऱ्या मुंबईतील डी-मार्टची चाल नेमकी उलट होती. २००२ मध्ये पवई येथे पहिले दालन उघडल्यानंतर या कंपनीने जागा शक्यतो स्वतःच्या मालकीच्या घेतल्या आणि विस्तार संथ ठेवला. पुरवठादारांना लवकर पैसे देण्याची रीत मात्र दोघांचीही सारखीच होती.

सुभिक्षाच्या कर्जाची फेररचना करण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले आणि २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. सक्तवसुली संचालनालयाने २०१८ मध्ये बँक कर्जप्रकरणी सुब्रमणियन यांना अटक केली. त्यांच्याच विश्वप्रिया या वित्तीय समूहात ठेवी ठेवलेल्या शेकडो गुंतवणूकदारांच्या फसवणूकप्रकरणी चेन्नईच्या विशेष न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना वीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.