खडकीहून लंडनला तार, आणि १८८५चं एक कलम

पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना मी एक तक्ता केला होता. एका बाजूला १९९१ ते २०२० ही वर्षं आणि दुसऱ्या बाजूला भारतातले ते सगळे नियम, जे डिजिटल व्यापाराच्या आड येतात असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. नियम लागू असेल तर १, नसेल तर ०. ही माझी कल्पना नव्हे. ओईसीडीचा डिजिटल सेवा-व्यापारावरच्या निर्बंधांचा निर्देशांक साधारण याच पद्धतीने बनतो, आणि तुमच्यापैकी अनेकजण तो डाउनलोड करून ठेवून बसले असणार.

सादरीकरणाच्या दिवशी समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "१८८५च्या टेलिग्राफ कायद्याला तू कोणत्या वर्षी १ दिलास?" मी म्हटलं, "सगळ्याच वर्षी, मॅडम. तो कायम लागूच होता." त्या म्हणाल्या, "मग तो लागू असताना पुण्यातून सॉफ्टवेअर बाहेर गेलं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचे सहा महिने त्या उत्तरात गेले. ते मला जिथे सापडायला लागलं ती जागा माझ्या घरापासून फार लांब नव्हती. मी खडकीत राहते.

खडकी म्हटलं की तुम्हाला कॅन्टोन्मेंट आठवेल, दारूगोळ्याचा कारखाना आठवेल, इतिहासाची आवड असेल तर १८१७ची लढाई. पण २३ जुलै १९२७ला इथल्या बिनतारी केंद्रावरून भारत आणि इंग्लंड यांच्यात थेट रेडिओ-तारसेवा सुरू झाली. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आणि राजा पंचम जॉर्ज यांनी शुभेच्छांची देवाणघेवाण केली. पाठवणारं केंद्र खडकीला होतं आणि येणारे संदेश पकडणारं केंद्र दौंडला. दोन्ही एकत्र का नाहीत, असं मलाही वाटलं होतं. कारण साधं आहे. स्वतःचाच एवढा मोठा आवाज शेजारी चालू असताना हजारो किलोमीटरवरून येणारी कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून पकडणारं केंद्र लांब ठेवायचं.

त्याआधी संदेश समुद्राखालच्या केबलने जात. मुंबईपर्यंतची केबल १८७०ची, आणि ती ज्या ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती त्यांचं त्यावर उत्तम चाललं होतं. तारेचा दर शब्दागणिक असे, त्यामुळे व्यापारी पेढ्या अख्खं वाक्य एका शब्दात बसवणारी सांकेतिक पुस्तकं वापरत. बिनतारी सेवा त्यापेक्षा स्वस्त पडे. गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि केबल कंपन्या हवालदिल झाल्या. यावर साम्राज्याने काय केलं? १९२८ला लंडनमध्ये परिषद भरवली आणि १९२९मध्ये केबल व बिनतारी दोन्ही एकाच मोठ्या कंपनीखाली आणल्या. स्पर्धा संपली. भारतात तेच १९३२ साली झालं. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीच्या जागी इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी आली. नावातच सगळं आहे, 'रेडिओ' आणि 'केबल' एकाच घरात.

इथे थोडं थांबा. स्वस्त तंत्र आल्यावर जुन्याचं उत्पन्न वाचवण्यासाठी दार एकाच्याच हातात देणं, ही गोष्ट तुम्हाला इंटरनेट आणि टेलिफोनच्या वादात पुन्हा भेटणार आहे.

आता ती साखळी बघा. १ जानेवारी १९४७ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, ही कंपनी सरकारने ताब्यात घेतली आणि तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली. १ एप्रिल १९८६ला त्या सरकारी खात्याचं विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजेच व्हीएसएनएल, झालं. १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांना इंटरनेट देणारी तीच ही व्हीएसएनएल. खडकीच्या बिनतारी केंद्रापासून तुमच्या-माझ्या आईवडिलांच्या पहिल्या ईमेलपर्यंत, देशाबाहेर जाणारं दार एकाच वंशाच्या ताब्यात होतं. १९२७ला ती कंपनी परवान्यावर चालणारी खाजगी कंपनी होती, १९४७नंतर सरकारी खातं, १९८६नंतर सरकारी कंपनी. मालक बदलत गेला, दार एकच राहिलं.

दाराची किल्ली होती १८८५च्या कायद्याच्या चौथ्या कलमात. त्या कलमाचा पहिला भाग सांगतो की तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा. आम्ही सगळे इथेच वाचन थांबवतो आणि तक्त्यात १ लिहून मोकळे होतो. पण त्यालाच जोडून एक परंतुक आहे: सरकारला योग्य वाटतील त्या अटींवर, कोणालाही परवाना देता येईल. म्हणजे भिंत आणि दरवाजा एकाच कलमात. दरवाजा किती उघडायचा हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही, ते परवान्याच्या अटींमध्ये आणि परवाना देणाऱ्या खात्याच्या मनात.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर या परंतुकात होतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत सॉफ्टवेअर निर्यातीचं चित्र असं होतं: संगणक आयात करायचा तर परवाना हवा, जबर आयातशुल्क भरा, वर अमुक इतकं परकीय चलन मिळवून देण्याची हमी द्या. प्रोग्राम लिहून झाला तरी तो पाठवायचा कसा? चुंबकीय फितीवर, कुरिअरने किंवा माणसाबरोबर. म्हणून बहुतेक कंपन्या प्रोग्रामऐवजी प्रोग्रामरच पाठवत. मुलगा विमानात बसायचा, गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसून काम करायचा. आज आपण त्याला 'बॉडी शॉपिंग' म्हणून नाकं मुरडतो, पण ज्या देशात माणसाला व्हिसा मिळतो आणि विद्याला (बिट आणि बाइट या अर्थाने, डेटाला) रस्ता मिळत नाही, तिथे दुसरं काय होणार?

नोव्हेंबर १९८४चं संगणक धोरण आणि डिसेंबर १९८६चं सॉफ्टवेअर धोरण यांनी आयातीची बाजू सैल केली. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी पुढे जाते. मला महत्त्वाचं वाटतं ते १९९०. त्या वर्षी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तीन शहरांत सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क स्थापन केले: बंगळूर, भुवनेश्वर आणि पुणे. जून १९९१मध्ये तिन्ही एकत्र करून एसटीपीआय ही संस्था झाली. विभागाचे सचिव होते एन. विठ्ठल. या पार्कांनी कंपन्यांना करसवलत दिली हे सगळे सांगतात. पण त्यांनी आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे उपग्रहाद्वारे परदेशाशी जोडणारी डेटा लाइन. ६४ केबीपीएसची लाइन म्हणजे आज हसू येईल असा वेग, पण तेव्हा पुण्यातल्या छोट्या कंपनीला त्यासाठी स्वतःची डिश लावायची परवानगी मागत दिल्लीला खेपा घालाव्या लागत नव्हत्या. एका सरकारी विभागाने दुसऱ्या सरकारी विभागाच्या दाराशेजारी खिडकी पाडली होती. पुढे हेच विठ्ठल दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष झाले, हा योगायोग मला फार आवडतो.

आणि कायदा? कायदा तोच. कलम चौथं तसंच. माझ्या तक्त्यात १९८९लाही १ आणि १९९२लाही १.

एक छोटा कागद सांगते, कारण असे कागदच संशोधनात हात देतात. बंदरावर माल गेला की कस्टमचा अधिकारी पेटी उघडून बघू शकतो. तारेतून गेलेला प्रोग्राम तो कसा बघणार? न बघता परकीय चलनाचा हिशोब कसा लावणार? त्यासाठी रिझर्व्ह बँकेने 'सॉफ्टेक्स' नावाचा फॉर्म काढला. निर्यातदाराने लिहून द्यायचं की एवढ्या किमतीचं सॉफ्टवेअर पाठवलं, आणि ते प्रमाणित करणार एसटीपीआयचा अधिकारी. हा फॉर्म निर्देशांकात अडथळा म्हणून मोजाल की सोय म्हणून? छोट्या निर्यातदाराला विचारलं तर तो कपाळाला हात लावेल. पण तो नसता तर डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूची निर्यात मान्यच झाली नसती. माझं मत: तो दोन्ही आहे, आणि ज्या पद्धतीत 'दोन्ही' लिहायला जागा नाही ती पद्धत एकटी वापरू नका.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर १९९८ला खाजगी इंटरनेट सेवेला परवाने मिळाले. फेब्रुवारी २००२मध्ये सरकारने व्हीएसएनएलचे २५ टक्के शेअर्स आणि व्यवस्थापन टाटा समूहाला दिलं. १ एप्रिल २००२ला परदेशी फोनकॉलवरची मक्तेदारी संपली आणि त्याच दिवशी इंटरनेटवरून फोन करणं कायदेशीर झालं. तोवर तो गुन्हा होता, हे माझ्या धाकट्या भावाला पटतच नाही. पण मक्तेदारी संपली म्हणून दार मोकळं झालं का? केबल जिथे किनाऱ्याला लागते त्या केंद्रांत इतर कंपन्यांना शिरकाव मिळावा म्हणून ट्रायला २००७मध्ये नियम करावे लागले आणि २०१२मध्ये शुल्क ठरवून द्यावं लागलं. म्हणजे नियम काढून टाकल्याने नव्हे, नवा नियम आणल्याने अडथळा कमी करायचा होता. माझ्या तक्त्यात याला काय लिहू? नियम वाढला, म्हणून १?

कॉल सेंटरांचं उदाहरण याच्या उलट. त्यांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी लागे, इंटरनेटवरचा आवाज आणि साध्या फोनचा आवाज एकत्र करायला मनाई, घरून काम करायला वेगळ्या अटी. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर या अटी घाईघाईने शिथिल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२०ला नोंदणीच रद्द झाली. (खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची. याचा काहीही अर्थ नाही, पण खडकीकर म्हणून सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

याच्या मध्ये, एप्रिल २०१८मध्ये, रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांचा सगळा डेटा भारतातच साठवा असा आदेश काढला. परदेशी कंपन्यांना तो अडथळा वाटला, आणि व्यापाराच्या अर्थाने तो आहेही. पण १९२८च्या लंडनच्या परिषदेबद्दल वाचल्यानंतर मला तो आदेश थोडा वेगळा दिसायला लागला. तेव्हा दाराच्या दोन्ही बाजूंची किल्ली लंडनला होती. तिथे बसलेल्यांनी जे ठरवलं त्यामागून इथली कंपनी बदलली. म्हणून आदेश बरोबरच ठरतो असं नाही. पण विकसनशील देश असे नियम का करतो याचं उत्तर 'संरक्षणवाद' या एका शब्दात देऊन तुम्ही सुटू शकत नाही.

२०२३च्या नव्या दूरसंचार कायद्यात परवान्याच्या जागी 'ऑथोरायझेशन' हा शब्द आलाय. अटी कोण ठरवणार हे वाचून बघा.

तक्ता मी फेकला नाही. त्यात प्रत्येक नियमापुढे तीन रकाने वाढवले: परवाना कोण देतं, कोणाला मिळाला, किती दिवसांत. तिसरा रकाना अजून बराच रिकामा आहे. तो भरायला जुन्या फायली चाळते आहे. तुम्हीही या विषयात येणार असाल तर एक व्यावहारिक सूचना: इंग्रजी दप्तरांत 'खडकी' शोधू नका, काही मिळणार नाही. 'किरकी' शोधा, पुण्याला 'पूना' आणि दौंडला 'धोंड'. मी पहिले तीन आठवडे चुकीच्या नावाने शोधत होते.